कुलपात ठेवलेला राउटर

नुकसान कळलं ते रविवारी सकाळी, लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सगळ्या बायकांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली तेव्हा.

मिस्त्रींची मेहुणी विणकामाचा वर्ग घेत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मांडीवर निळा स्वेटर, हातात सुया, आणि पडद्यावर लहान लहान चौकोनांत ठिकठिकाणच्या बायका. सगळ्यांच्या मांडीवर तसाच स्वेटर, रंग आपापले. "आता गळ्याची पट्टी," मेहुणी म्हणाली. "दोन टाके सुलट, तिसरा नुसता उचलायचा, आणि मग तो..."

तिथं चित्र गोठलं. एकीची जांभई अर्ध्यावर थांबली. दुसरी सुईने कान खाजवत होती, तिची सुई कानाशीच राहिली. पिवळ्या चष्म्याची बाई काहीतरी विचारत होती, तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा तुकड्यातुकड्यांनी आला. "धाकट्या ताई... उचलून... काय कर..."

चित्र पुन्हा हललं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. निम्म्या बायकांनी उचललेला टाका सोडून दिला होता, काहींनी तो पुढच्यात गुंतवला होता, आणि एकीने तो तसाच उचलून धरला होता, कारण तिला तेवढंच सांगितलं होतं.

मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचा कप घेऊन बसले होते. मिस्त्री म्हणजे नळाचे मिस्त्री. उभा जन्म लोकांच्या घरांतली गळती शोधण्यात गेला. कोरड्या भिंतीला कान लावून आत कुठे पाणी झिरपतंय ते सांगायचे. एकदा एका गच्चीवरच्या टाकीवरून पडून उजवा हात मोडला होता. तो जोडला गेला, पण जरा आखूड राहिला, म्हणून सदऱ्याची उजवी बाही ते नेहमी एक घडी जास्त दुमडत. हातोडी मात्र त्याच हाताने मारत.

वर्ग मूळचा त्यांच्या बायकोचा. दर रविवारी ती या टेबलाशी बसायची आणि मिस्त्री दाराआड बसून ऐकायचे. विणकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाचा गुडघा कधी धरतो, कुणाचं मांजर लोकरीच्या गुंड्याशी कसं वागतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बायको गेली आणि रविवार केवढा लांब असतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. म्हणून मेहुणी म्हणाली, "ताईचा अर्धा राहिलेला स्वेटर मी पुरा करते, वर्गातल्या बायकांकडूनही त्यांचे पुरे करून घेते," तेव्हा त्यांनी एकच अट घातली. स्वेटर या घराबाहेर जाणार नाही. स्वेटर हे निमित्त होतं. बाहेर जाऊ द्यायचे नव्हते ते त्या बायकांचे आवाज.

आणि पहिल्याच वर्गाला हे असं झालं. मेहुणीने लॅपटॉप मिटला आणि सुया स्वेटरमध्ये खुपसल्या.

"भाऊजी, हे काही खरं नाही. पुढच्या रविवारी वर्ग माझ्या घरून. स्वेटर घेऊन जाते."

"अगं, आज वाऱ्याबिऱ्याने झालं असेल."

"वाऱ्याने? वायरलेस म्हणजे वाऱ्यावर चालत नाही ते."

"मला आठवडाभर दे. गळती शोधून देतो."

"नळ नाही हा, भाऊजी."

"येणारी वस्तू आणि वापरायची जागा, यांच्या मध्ये कमी पडत असेल तर ती गळतीच," मिस्त्री म्हणाले. "नाव काही द्या."

मेहुणीने त्यांच्याकडे पाहिलं. बहिणीच्या दिवसांनंतर भाऊजी पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलले होते. तिने स्वेटर टेबलावर ठेवला. "शनिवारी येते न्यायला. तोवर काय करायचं ते करा."

आता राउटरबद्दल सांगायला हवं. बायको असताना तो खिडकीच्या पडद्याच्या दांडीला निळ्या लोकरीने टांगलेला असायचा. दोन काड्या वर करून, वायर खाली सोडून, उलट्या लटकलेल्या झुरळासारखा. मिस्त्रींना ते बघवत नसे. ज्याने आयुष्यभर भिंतीवरच्या नळ्या ओळंब्यात बसवल्या, त्याच्या घरात हे असं लोंबकळतं. पण ते बोलले की बायको म्हणायची, "त्याला हात लावायचा नाही." बस, विषय संपला.

मग ती गेली, पाहुणे आले, पाहुणे गेले, आणि घरात हाताला काही काम उरलं नाही. मिस्त्रींनी लोकरीची गाठ सोडवली, राउटर खाली काढला आणि त्याच्यासाठी जस्ताच्या पत्र्याची पेटी केली. पेटी कसली, दागिन्यांचा डबाच. कोपरे झाळलेले, कडा वळवून घासलेल्या, झाकणाला बिजागरी, पुढे पितळी कुलूप. बिचाऱ्याला श्वास घ्यायला मागे बारीक बारीक भोकं, आणि वायरीसाठी तासून गोल केलेलं एक मोठं भोक. पेटी त्यांनी खिडकीखालच्या बुटक्या फळीवर ठेवली. पाहणाऱ्याने थांबून हात फिरवावा अशी ती झाली होती. पण ती कुणाला दिसत नव्हती, कारण तिच्यापुढे माशांची पेटी होती.

माशांची पेटी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी आणून दिली होती. मास्तर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "घरात काहीतरी हलतं हवं, मिस्त्री." दुसऱ्या दिवशी ते काचेची भलीमोठी पेटी, वाळू, हिरवी झाडं आणि पाचपंचवीस सोनेरी मासे घेऊन हजर. मिस्त्रींना नाही म्हणवेना. मासे खरंच सारखे हलत होते.

सोमवारी मिस्त्रींनी इंटरनेट कंपनीला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी आली.

"सर, राउटरपासून लॅपटॉपला वायर जोडून बघाल का?"

मिस्त्रींनी कुलूप काढलं, झाकण उघडलं, वायर जोडली. तिने सांगितल्याप्रमाणे वेग मोजला. शंभर. कंपनीने कबूल केलेले पुरे शंभर.

"म्हणजे आमच्याकडून सगळं येतंय, सर. आता वायर काढा आणि कोपऱ्यातल्या त्या पंख्यासारख्या चित्रावर जा. तिथं जोडणीचा वेग लिहिलेला असेल."

"आठशे सहासष्ट."

"मग तर उत्तमच आहे. राउटर मोकळ्या जागेत आहे ना, सर?"

"व्यवस्थित आहे. धूळसुद्धा लागत नाही."

"वाटेत लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी वगैरे?"

"टाकी गच्चीवर आहे. पाचशे लिटरची."

"मग काही प्रश्न नाही, सर," मुलगी म्हणाली. तिचंही बरोबर होतं. राउटर पत्र्याच्या पेटीत घालून त्याला कुलूप लावलंय का, हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता. आणि मिस्त्रींच्या हिशेबी टाकी म्हणजे जिच्यावर चढायला शिडी लागते ती. जिच्यात मासे असतात ती शोभेची वस्तू.

फोन ठेवून मिस्त्रींनी झाकण लावलं, कुलूप घातलं, आणि लॅपटॉप घेऊन खुर्चीत येऊन आकडा पाहिला. तेरा.

ते उठले. कुलूप काढलं, झाकण उघडलं, आत पाहिलं. सगळे दिवे हिरवे. लॅपटॉप पाहिला. आठशे सहासष्ट. झाकण लावलं, येऊन बसले. तेरा. पुन्हा उठले. आठशे सहासष्ट. पुन्हा बसले. या खेपेला साडेसहा.

मिस्त्रींना सगळं लख्ख कळलं. अशी माणसं त्यांच्या हाताखाली होऊन गेली होती. मुकादम समोर उभा असला की घाम गळेपर्यंत खोदणार, पाठ वळली की फावड्यावर हनुवटी टेकवून उभी राहणार. राउटर त्यातलाच होता. "नजर हवी तुला," ते त्याला म्हणाले. मंगळवारी दिवसभर ते झाकण उघडून त्याच्यापुढे स्टुलावर बसून राहिले. राउटरने आठशे सहासष्टच्या खाली पाऊल टाकलं नाही. मिस्त्रींना मनातून त्याचं कौतुकच वाटलं. पठ्ठ्या करायचं मनात आणलं तर करतो.

पण तिथंच दुसरी शंका आली. कंपनी देते शंभर. घरात दिसतात आठशे सहासष्ट. मग वरचे आले कुठून?

मिस्त्री सरळ माणूस. दुसऱ्याच्या नळीला चोरून जोड मारणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांतल्या एकाशीही ते कधी चहा प्यायले नव्हते. ते तडक जिना चढून वर गेले. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते.

"मास्तर, तुमच्याकडे इंटरनेट कमी येतं का हो?"

"कमी? महिनोन्‌महिने रडतंय. मुलाचा चेहरा दिसतो तर आवाज नाही, आवाज येतो तर चेहरा नाही. का?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, ते माझ्याकडे येतंय. तुमचं आणि बहुतेक आणखी कुणाकुणाचं. माझ्या हातून काही झालं नाही, पण भिंतीतून ओढलं जात असणार. मला आजच कळलं."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते भावुक झाले होते. "राहू द्या हो. तुमच्यावर प्रसंग आलाय. मी एकटा माणूस, मला किती लागतं?"

"पण..."

"वापरा म्हणतो ना. मी काही बोललो का आजवर?" मास्तर म्हणाले. त्यांना आजवर काही माहीत नव्हतं हे खरं, पण दिलेल्या दानाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर चांगलं जुनं असल्यासारखं दिसत होतं.

मिस्त्रींना काही चैन पडेना. त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला. ती दूर राहत होती, दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करत होती, आणि मुख्य म्हणजे मिस्त्रींची मुलगी होती. लहानपणी त्यांच्या पिशवीतल्या नळ्यांचे तुकडे जोडून खेळलेली. आठशे सहासष्टची आणि मास्तरांची हकिगत तिने ऐकून घेतली. मग पलीकडे बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला.

"हसतेस काय?"

"नाही, बाबा. ऐका. रस्त्यावरच्या मोठ्या नळीतून आपल्या घरात पाणी किती येतं?"

"शंभर समज."

"समजा तुम्ही घराच्या आत ढोपराएवढी नळी टाकली. पाणी वाढेल?"

"वेडी का काय? येतं तेवढंच येणार."

"मग तो आठशे सहासष्टचा आकडा म्हणजे ती आतली नळी. राउटर ते लॅपटॉप, एवढीच. तिच्यातून पाणी किती येतंय ते नाही, जास्तीत जास्त किती जाऊ शकेल ते. मास्तरांचं तुम्ही काही घेतलेलं नाही."

मिस्त्री स्टुलावर नीट बसले. "म्हणजे व्यास."

"व्यास. आणि तोही कागदावरचा. खरं जातं ते निम्म्याच्या आसपास, कारण दोघांना एकदम बोलता येत नाही. राउटर बोलतो तेव्हा लॅपटॉपने गप्प बसायचं. मग लॅपटॉप म्हणतो, पोचलं. मग राउटर पुढचं बोलतो. नाहीच पोचलं तर तेच पुन्हा."

"प्रत्येक वेळी पोचलं म्हणून सांगायचं?"

"प्रत्येक वेळी. आई फोनवर माझ्याशी बोलायची आणि तुम्ही मागून हं, हं म्हणत असायचा ना, तसं."

मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"बाबा? पोचलं का?"

"पोचलं," मिस्त्री म्हणाले. त्यांना त्या दोन यंत्रांबद्दल एकदम आदर वाटायला लागला. मध्ये वायर नाही, दोर नाही, काही नाही, आणि नुसत्या खोलीतल्या हवेतून एक जण बोलतोय आणि दुसरा दर वेळी पोचलं म्हणतोय. कुणी बघत नसताना. "मग हा तेरा कुठून आला?"

"तेरा म्हणजे नळी कुठेतरी चेपलीय. शंभर येतात, पण तेराच्या नळीतून जातील सहा-सात. त्यात त्या सगळ्या बायकांचं चित्र कसं मावेल? मध्ये काहीतरी आडवं येतंय. राउटर आईने ठेवला होता तिथंच आहे ना?"

"त्याच भिंतीला," मिस्त्री म्हणाले. हे खरंच होतं.

"मग मधलं बघा."

मिस्त्रींनी मधलं बघायला घेतलं. आता नळाचा माणूस मधलं म्हणजे काय समजणार? त्यांच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हवेतून गेलेली नव्हती. नळी भिंतीच्या कडेने जाते, कोपऱ्यात वळते, दाराच्या चौकटीवरून जाते आणि मग खाली उतरते. राउटरपासून टेबलापर्यंत भिंतीभिंतीने त्यांनी बोट फिरवलं आणि वाटेतली एकेक अडचण काढायला सुरुवात केली.

बुधवारी लोखंडी कपाट निघालं. मास्तर मदतीला आले. "माझाही वेग आहे त्यात," ते म्हणाले आणि त्यांनी खांदा लावला. त्यांना खरं सांगावं असं मिस्त्रींच्या मनात आलं होतं, पण कपाट दोघांच्या मध्ये होतं आणि मास्तरांचा पाय त्याच्याखाली होता. गुरुवारी आरसा उतरला, भांड्यांची मांडणी बाल्कनीत गेली, शिवणयंत्र न्हाणीत गेलं. शुक्रवारी भिंतीवरचे खिळेसुद्धा निघाले. दर अडचणीनंतर मिस्त्री झाकण लावून खुर्चीत बसून आकडा पाहत. तेरा. साडेसहा. तेरा.

"सव्वीस झाले होते मघाशी," मास्तर म्हणाले.

"तेव्हा तुम्ही माशांना खायला घालायला मधे वाकला होतात आणि पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडं राहिलं होतं."

"मग मी वाकून राहू का?"

मिस्त्रींनी या सूचनेचा विचार केला. बहुधा दोन मिनिटं केला. हे त्यांच्यासारख्या माणसाला शोभणारं नव्हतं, पण शनिवार उजाडायला आला होता.

शनिवारी मेहुणी आली आणि दारातच थांबली. खोलीच्या मधोमध सगळं सामान एकावर एक रचलं होतं, भिंती उघड्या, आणि सामानाच्या ढिगाच्या एका बाजूला मिस्त्री आणि दुसऱ्या बाजूला मास्तर.

"घर बदलताय?"

"वाट मोकळी केली," मिस्त्री म्हणाले. "सगळी केली. तरी तेराच."

मेहुणीने टेबलावरचा स्वेटर उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला, आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. मिस्त्री त्या वायरीकडे पाहत राहिले. वायर जेवढी गुंडाळली जात होती तेवढा उद्याचा रविवार लांब होत होता. त्यांना वाटलं, निदान जाताना हिने आपलं काम बघून जावं.

"केलं नाही असं नको म्हणूस. ये, बघ," ते म्हणाले. माशांच्या पेटीमागे हात घालून त्यांनी कुलूप काढलं आणि झाकण उघडलं. "मी याला किती जपलंय ते बघ."

मेहुणी वाकली. तिने पेटी पाहिली, कुलूप पाहिलं, मागची बारीक भोकं पाहिली. मग पेटीपुढची काच, काचेमागचं पाणी आणि पाण्यातले मासे पाहिले.

"भाऊजी, याने काय गुन्हा केलाय?"

"म्हणजे?"

"पत्र्याच्या कोठडीत घातलंत. वर कुलूप. पुढं तळं. बाहेर यायचं कसं त्याने?"

"भोकं आहेत की मागे."

मेहुणी स्टुलावर बसली आणि पोट धरून हसली. मास्तरही हसले, पण का ते त्यांना समजलं नव्हतं. हसता हसता मेहुणीला डोळे पुसावे लागले.

"तुम्ही कामावर होतात तेव्हा," ती म्हणाली. "ताई इथं खुर्चीत बसली होती, लॅपटॉप घेऊन. आणि मला तो राउटर हातात घेऊन घरभर फिरवला तिने, लांबलचक वायर लावून. फळीवर ठेव. काढ. कपाटावर ठेव. काढ. मी म्हटलं, ताई, हात गळाले. तर म्हणते, थोडं वर. उंच हवा आणि मोकळा हवा, त्याच्या माझ्या मध्ये कुणी नको. सरळ येतं ते, दिव्याच्या उजेडासारखं. शेवटी मी खिडकीत स्टुलावर चढून दांडीपाशी धरला, तेव्हा म्हणाली, आता हलू नकोस. आणि लोकर घेऊन आली. सुतळी शोधायलासुद्धा थांबली नाही, मी हलेन म्हणून."

"सरळ येतं?" मिस्त्रींनी विचारलं. "भिंतीने नाही?"

"भिंतीने कशाला येईल?"

मिस्त्री राउटरकडून खुर्चीपर्यंत हवेत बघत राहिले. मधे पत्रा होता, पाणी होतं, मासे होते. ज्या माणसाने कोरड्या भिंतीतली गळती कानाने ओळखली होती, त्याने स्वतःच्या हातांनी नळीला बूच मारलं होतं, आणि बूच इतकं सुबक होतं की त्याच्यातून थेंब येत नव्हता. आणि त्यांची बायको, जिने कधी पान्हा हातात धरला नव्हता, तिने खुर्चीत बसून अख्ख्या घराची हवा मापली होती.

"लोकर टाकलीत ना?" मेहुणीने विचारलं.

"मी कुठली दोरी टाकत नाही," मिस्त्री म्हणाले. हत्यारांच्या पिशवीतून, पान्ह्यांच्या खालून, त्यांनी निळ्या लोकरीचा नीट गुंडाळलेला गुंडा काढला. गाठ त्यांनी सोडवली होती, पण तशी मारता येईना. मेहुणीने मारली. ती ताईकडूनच शिकलेली होती.

राउटर दांडीला लटकला. मेहुणीने लॅपटॉप उघडला आणि मिस्त्रींकडे वळवला. आठशे सहासष्ट. राउटरपुढे कुणी उभं नव्हतं.

रविवारी चित्र असं आलं की लोकरीचे तंतूसुद्धा मोजून घ्यावेत. "धाकट्या ताई, आज तुमच्या हनुवटीवरचा तीळ दिसतोय," जांभईवाली बाई म्हणाली. "टेबलावर चहाचा डाग पडलाय तोही," दुसरी म्हणाली. गळ्याची पट्टी सगळ्यांची उसवून पुन्हा घालून झाली. मिस्त्री दाराआड होते. कुणाच्या मांजराला पिल्लं झाली होती.

मग पिवळ्या चष्म्याच्या बाईने विचारलं, "आता राहिली डावी बाही. ती पण उजवीएवढीच करायची का?"

"एवढीच म्हणजे?"

"नाही, ताईंनी उजवी जरा आखूड घेतलीय ना. आम्ही त्यांच्या ओळी मोजून तेवढीच केली."

"माझ्या नवऱ्याचं मनगट उघडं पडतंय," कानाशी सुई राहिलेली बाई म्हणाली. "मी त्याला सांगितलं, हीच फॅशन आहे, गप्प बस."

"तुम्ही ताईला विचारलं नाही?"

"ताईंना काय विचारायचं? त्या चुकायच्या नाहीत," पिवळा चष्मा म्हणाला, आणि सगळे चौकोन होकाराने हलले.

एकेकीने आपापली उजवी बाही पुढे धरली. पडदा आखूड बाह्यांनी भरून गेला, लाल, हिरव्या, राखाडी. मेहुणीने निळी बाही उचलून टेबलावर सरळ केली. स्वेटर जावयासाठी, असं तिने धरलं होतं. जावई उंच, त्याचे हात तर गुडघ्यापर्यंत. ताईचं माप कधी चुकत नसे.

"भाऊजी," तिने हाक मारली, "ताईने हा कुणासाठी विणायला घेतला होता?"

मिस्त्री चहाचा कप तिला द्यायला बाहेर आले. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, ज्याला बसेल त्याच्यासाठी." त्यांनी कप पुढे केला. उजव्या हाताने.

मेहुणी कप न घेता त्या हाताकडे बघत राहिली. एक घडी जास्त दुमडलेल्या बाहीकडे. मग तिने कप काढून टेबलावर ठेवला, सदऱ्याची बाही वर सारली, आणि निळी बाही त्यांच्या हातात चढवली. ती बरोबर मनगटाच्या हाडाशी येऊन थांबली. ना पुढे, ना मागे.

पडद्यावरच्या एकाही बाईने आवाज केला नाही. या वेळी चित्र गोठलेलं नव्हतं.

"म्हणजे आपण सगळ्यांनी मिस्त्रींचा हात विणलाय," जांभईवाली शेवटी म्हणाली.

"आता उसवावं लागेल," मेहुणी म्हणाली.

"कुणी सांगितलं? ताईंच्या हातचं माप आहे. मी नाही उसवणार."

"माझा नवराही कोपर जरा वाकवून चालेल," कानसुईवाली म्हणाली. "त्याला सवय होईल. भाऊजी, तो डावा हात पुढे करा बघू. त्याचं माप सांगा."

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा ते दाराच्या अलीकडे होते आणि सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. मेहुणीने टेप लावली, आकडा वाचला, आणि सगळ्या बायकांनी तो दोनदा म्हणून घेतला.

"पोचलं का?" मेहुणीने विचारलं.

"पोचलं," सगळ्या म्हणाल्या.

"बसून विणली तर एका दिवसात होईल," ती मिस्त्रींना म्हणाली.

"घाई काय आहे?" मिस्त्री म्हणाले. "रविवारी रविवारी विणा."

पत्र्याच्या पेटीत आता माशांचं खाणं असतं. कुलूप लावलेलं असतं, कारण मास्तर येता जाता जास्त घालतात. घरचं इंटरनेट सुधारलं का असं कुणी विचारलं तर मास्तर म्हणतात, "नाही, पण खालच्या मजल्यावर कामी येतंय." त्यांना खरं काय ते अजून सांगायचं आहे. लोखंडी कपाट अजून खोलीच्या मधोमध आहे. आणि डावी बाही अजून विणायची आहे.